हळद, घोटा आणि एक पेटंट

गेल्या पावसाळ्यात बेंगळुरूच्या एका उखडलेल्या पदपथावर माझा घोटा मुरगळला. आईला फोन केला, तेव्हा तिने पहिल्यांदा ‘हाड नाही ना मोडलं?’ असे विचारले आणि मग आंबेहळद उगाळून, कोमट करून लेप लावायला सांगितले. प्रयोगशाळेतील सहकाऱ्याचे म्हणणे एकच: बर्फ. दोन्ही सल्ल्यांना इतिहास आहे.

बर्फाचा तर आश्चर्य वाटावे इतका अलीकडचा. विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंचावर, हे सूत्र अमेरिकी डॉक्टर गेब मिर्किन यांनी १९७८ साली रूढ केले. पुढे त्यांनीच मान्य केले की बर्फाने वेदना शमत असली तरी भरून येणे लांबू शकते. सूज हा नुसता बिघाड नव्हे. दुरुस्तीची सुरुवातही तिथूनच होते.

हळदीची कथा अधिक नाट्यमय आहे. जखमेवर हळद वापरण्याचे पेटंट मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले. गोव्यातील माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरची धुरा वाहत होते. १९९६ मध्ये या संस्थेने पेटंटला आव्हान दिले. अडचण विचित्र होती. तत्कालीन अमेरिकी कायद्यात परदेशातील नुसती वहिवाट पुरावा ठरत नसे, छापील मजकूर लागे. आजीच्या सहाणेला तिथे किंमत नव्हती! मग जुन्या ग्रंथांपासून १९५३ सालच्या भारतीय वैद्यक नियतकालिकातील लेखापर्यंत ३२ संदर्भ सादर झाले आणि ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंट रद्द ठरले.

या विजयाचा अर्थ आपण अनेकदा चुकीचा लावतो. पेटंट गेले ते त्यात नावीन्य नव्हते म्हणून. हळदीची परिणामकारकता तिथे निवाड्याला नव्हतीच. शिवाय वाद जखमेचा होता, मुरगळलेल्या सांध्याचा नव्हे; आणि आंबेहळद ही वनस्पतीही हळदीहून वेगळी, फार तर तिची चुलत बहीण.

आईचा पहिला प्रश्न मात्र अचूक होता. १९९२ साली ओटावा येथील डॉक्टरांनी त्याचेच नियम केले: चार पावले टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडावर मागील कडेला दाबल्यास दुखत असेल, तर एक्स-रे काढावा.

मला चार पावले टाकता आली. आईने कुरिअरने धाडलेली आंबेहळद सहाव्या दिवशी पोहोचली. सूज तोवर बरीचशी ओसरली होती.