खुणेची धून

पार्श्वसंगीताच्या इतिहासाची सुरुवात रिचर्ड वॅग्नरपासून करायची एक रीत पडून गेली आहे. वॅग्नरने आपल्या ऑपेरांत पात्राला, तलवारीला, शापाला एकेक सूत्रधून दिली. मूळच्या व्हिएन्नाच्या मॅक्स स्टायनरने १९३३ च्या ‘किंग काँग’मध्ये तीच युक्ती हॉलिवूडच्या पडद्यावर वापरली. पुढे जॉन विल्यम्सने ‘स्टार वॉर्स’ मालिकेत ती इतकी कसाला लावली, की १९९९ च्या चित्रपटातल्या लहानग्या अनाकिनच्या निरागस धुनेच्या शेवटाला, तो मोठेपणी जो डार्थ व्हेडर होणार त्याच्या संचलनाचे सूर हळूच डोकावतात. ही वंशावळ खरी आहे, पण हिंदी चित्रपट तिच्यात बसवू गेले की ते नेहमी गरीब नातेवाइकासारखे कोपऱ्यात उभे राहतात. याचे कारण वेगळे आहे. अनाकिनला स्वतःची धून कधीच ऐकू येत नाही. ती फक्त प्रेक्षकासाठी असते. मुंबईच्या चित्रपटात मात्र धून बहुधा पात्राच्याच गळ्यात किंवा हातात असते, दुसऱ्या पात्राच्या कानावर पडते आणि त्यामुळे कथानकात काहीतरी घडते. तिचे काम शकुंतलेच्या अंगठीचे आहे. नाते आहे एवढे ती सुचवत नाही, नाते असल्याची खूण पटवते. मुंबईच्या पार्श्वसंगीताचा इतिहास या खुणेचा इतिहास म्हणून वाचला, तर त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

ही पद्धत कुणी बसून ठरवली नव्हती. ती धंद्याच्या वेळापत्रकातून आली. पार्श्वगायन रुळल्यावर गाणी चित्रीकरणाच्या आधी ध्वनिमुद्रित होऊ लागली, कारण नट-नटी त्या ध्वनिमुद्रणावरच ओठ हलवत. पार्श्वसंगीत मात्र अगदी शेवटी, चित्रपटाचे संकलन झाल्यावर आणि प्रदर्शनाची तारीख डोक्यावर असताना व्हायचे. स्टुडिओत पडद्यावर रीळ चालायचे आणि समोर वादक बसलेले असायचे. अशा वेळी अरेंजरच्या, म्हणजे वाद्यवृंदाची बांधणी करणाऱ्याच्या, हाताशी आयते काय असायचे, तर त्याच चित्रपटातल्या गाण्यांच्या चाली. त्याच चाली व्हायोलिनच्या ताफ्यावर संथ करायच्या, बासरीवर एकट्या सोडायच्या, मेजरच्या मायनर करायच्या. हे काम करणारे बरेचजण गोव्याचे होते. तिथल्या चर्चच्या शाळांत पोर्तुगीज काळापासून स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवले जाई, आणि स्वरलेखन येणारा माणूस मुंबईच्या स्टुडिओत सोन्याच्या मोलाचा होता. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांमागचे वाद्यवृंदाचे लेखन दोन दशकांहून अधिक काळ सेबास्टियन डिसूझा यांनी केले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलालना व्हायोलिन शिकवले. ‘अमर अकबर अँथनी’तल्या नायकाचे नाव त्यांच्यावरून आले, हे आता बहुतेकांना ठाऊक असते, त्यांनी केलेल्या कामाविषयी मात्र फारसे कुणी विचारत नाही. चाल संगीतकाराची, पण ती कोणत्या दृश्यात, कोणत्या वाद्यावर, किती अर्धवट सोडून परत यावी हे अनेकदा अरेंजरच्या वहीत ठरत असे, आणि श्रेयनामावलीत त्याचे नाव बारीक अक्षरांत यायचे किंवा यायचेच नाही.

इथे पहिला आक्षेप येतो. जर हे सगळे घाईतून आणि आयत्या मालातून झाले असेल, तर त्यात अर्थ शोधणे हा समीक्षकाचा भाबडेपणा नव्हे काय? आक्षेपाला पुरावाही आहे. १९५३ च्या ‘आह’च्या पार्श्वसंगीतात वाजलेल्या एका धुनेचे १९७० च्या ‘मेरा नाम जोकर’मध्ये गाणे झाले. म्हणजे एकाच चित्रपटात नव्हे, एका चित्रपटातून दुसऱ्यातही चाली फिरत होत्या, आणि त्या फिरण्याला पात्रांच्या नात्याशी काही देणेघेणे नव्हते. हे मान्य केलेच पाहिजे. पण सोयीतून सुरू झालेली पद्धत सोयीपाशीच थांबली असे होत नाही. चाल गाण्यातून कथेत परत येते याची प्रेक्षकाला एकदा सवय झाली, की पटकथा लिहिणारा त्या सवयीवर कथा रचू शकतो. हे किती लवकर घडले ते पाहायचे तर १९४९ चा ‘महल’ पाहावा.

बॉम्बे टॉकीजचा हा चित्रपट कमाल अमरोहींचा, संगीत खेमचंद प्रकाश यांचे. पडक्या वाड्यात नायकाला एक गाणे ऐकू येते, गाणारी दिसत नाही. आवाज दुरून जवळ येतो असे वाटावे म्हणून लता मंगेशकरांना मायक्रोफोनपासून लांब उभे राहून गात गात पुढे यायला लावले होते. वाड्यातल्या तसबिरीत आपलाच चेहरा पाहिलेला नायक त्या सुरांवरून ठरवतो, की ही आपली मागच्या जन्मीची प्रेयसी. शेवटी कळते की गाणारी तिथल्या माळ्याची मुलगी आहे. खूण खोटी होती. गाण्याने नाते उघड केले नाही, नाते बनावट तयार केले. हिंदी पडद्यावरच्या अगदी सुरुवातीच्या मोठ्या खुणेच्या धुनेतच फसवणूक असावी, हे मला फार बोलके वाटते. प्रेक्षकाचा धुनेवर विश्वास बसलेला असल्याशिवाय ही फसवणूक चालली नसती. ‘महल’चे संकलन बिमल रॉय यांनी केले होते, आणि त्यांनीच १९५८ मध्ये ‘मधुमती’त पुनर्जन्म खराखुरा दाखवला. तिथेही नायकाला आधी ऐकू येते ती सलील चौधरींची साद घालणारी चाल, चेहरा मागून दिसतो.

१९७३ च्या ‘यादों की बारात’मध्ये तर सगळी पटकथाच या खुणेवर उभी आहे. आईने तीन मुलांना शिकवलेले घरचे गाणे; आई-वडिलांचा खून, भावंडांची ताटातूट. मोठेपणी धाकटा हॉटेलात गातो तेव्हा तेच गाणे गातो, मधला ऐकणाऱ्यांतून उठून पुढची ओळ घेतो. थोरला, म्हणजे धर्मेंद्र, तिथेच असतो. त्यालाही ओळख पटलेली असते, पण गुन्हेगारीत अडकलेला तो तोंड उघडू शकत नाही. धून प्रेक्षकाला तिघांचे नाते सांगते, गाणाऱ्यांना दोघांचेच. उरलेला तिसरा हिस्सा त्याच्या गप्प राहण्यात आहे, आणि सलीम-जावेद यांनी चित्रपटाचा पुढचा ताण तिथेच बांधला. त्याच चित्रपटात खलनायक ओळखला जातो तो दोन पायांतल्या आठ आणि नऊ नंबरच्या बुटांवरून. आप्त कानाने ओळखायचे आणि वैरी जोड्यांवरून, अशी ही वाटणी आहे.

‘शोले’त (१९७५) मात्र खूण पटवायला रक्ताचे नाते नाही. जय माउथ ऑर्गन वाजवतो, समोरच्या हवेलीच्या गच्चीवर विधवा राधा एकेक दिवा मालवत जाते. दोघांत संवाद जवळजवळ नाहीतच. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा, पण त्यानंतर सव्वाशे वर्षे होत आली तरी मोठ्या घरच्या विधवेचे प्रेम पडद्यावर उघड बोलता येत नव्हते. राहुल देव बर्मन यांच्या ताफ्यातल्या भानू गुप्तांनी वाजवलेली ती धून बोलण्याची जागा घेते. गंमत अशी, की हेच वाद्य आधी मित्रांच्या मोटारसायकलवरच्या गाण्यात, दंग्यात, जयच्या हाती आलेले असते. मैत्रीचे वाद्य प्रेमाचे होते. जय मरतो तेव्हा मागे मैत्रीच्या गाण्याची चाल येते, आणि राधेच्या वाट्याला चाल येत नाही. तिचे नाते जाहीर झालेच नव्हते, म्हणून त्याचा शोकही जाहीर होत नाही. हे नेमके कुणी ठरवले हे सांगणे कठीण, पण पडद्यावर ते आहे.

यावर जाणकार म्हणेल, की माउथ ऑर्गन सेर्जिओ लिओनेच्या १९६८ च्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’मधून आला, आणि तिथेही तो पात्राच्याच ओठांत आहे. त्याचा खुलासा शेवटी होतो, तेव्हाच नायक आणि खुनी यांचे जुने नाते कळते. त्याहीआधी, १९३१ मध्ये, फ्रिट्झ लांगच्या ‘एम’मधला खुनी शीळ घालतो आणि आंधळा फुगेवाला त्याला शिळेवरून ओळखतो. मग मुंबईचे वेगळेपण उरले कुठे? वेगळेपण शोधाचे नाही, प्रमाणाचे आहे. तिकडे जी एखाद्या दिग्दर्शकाची खास युक्ती, ती इकडे पिढ्यान्‌पिढ्या चाललेली वहिवाट झाली, कारण इथला प्रेक्षक पात्राने गाणे हे नाटकापासून गृहीत धरत आला होता. किर्लोस्करांच्या १८८० च्या ‘संगीत शाकुंतल’ने मराठी प्रेक्षकाला अंगठीही दिली होती आणि गाणारी शकुंतलाही.

उसनवारीचा आक्षेप ‘कर्ज’वरही (१९८०) घेतात. त्यातली गिटारची धून जॉर्ज बेन्सनच्या १९७९ मधल्या एका तुकड्यावरून उचललेली आहे, आणि ते लपवण्यासारखे नाही. पण सूर कुठून आले आणि ते कथेत काय करतात हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ती धून वाजवताना नायक मॉन्टीला आपल्या आधीच्या जन्मातला खून आठवतो; म्हणजे दोन देहांतले एकच पात्र ती जोडते. मग तोच मॉन्टी ती जाणूनबुजून खुनी बाईपुढे वाजवतो आणि रंगमंचावर तिचाच गुन्हा तिला दाखवतो. खूण इथे आरोपपत्र होते. संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे, वाद्यवृंदाची बांधणी स्वतः प्यारेलालची, म्हणजे गोन्साल्विसांच्या शिष्याची.

हान्स आइस्लर आणि थिओडोर अडोर्नो यांनी १९४७ च्या ‘कंपोझिंग फॉर द फिल्म्स’मध्ये सूत्रधुनेची चेष्टाच केली होती: वॅग्नरच्या विस्ताराशिवाय ती निव्वळ वर्दी देणारा नोकर उरते, ज्याला सगळे ओळखतात अशा पाहुण्याची वर्दी देणारा. हॉलिवूडच्या बऱ्याच चित्रपटांना हे लागू पडते, आणि मुंबईच्या रद्दी चित्रपटांनाही. पण ‘महल’, ‘यादों की बारात’, ‘कर्ज’ यांतला पाहुणा वर्दीआधी कुणी ओळखलेला नसतो. हीच टीका आपल्याकडे शांतारामबापूंनी कृतीने, आणि दहा वर्षे आधी, केली होती. १९३७ च्या ‘कुंकू’त पार्श्वसंगीत ठेवलेच नाही, केशवराव भोळ्यांच्या चालींना घरातल्याच आवाजांची साथ, आणि म्हाताऱ्या नवऱ्याच्या वयाची आठवण द्यायला भिंतीवरचे घड्याळ. तिथेही खूण पात्रांच्या घरातलीच आहे, पात्रांना ऐकू येणारी.

ही वहिवाट सैल झाली ती कामाची वाटणी बदलल्यावर. १९९८ च्या ‘सत्या’ची गाणी विशाल भारद्वाज यांची होती आणि पार्श्वसंगीत संदीप चौटा यांचे. गाण्याचा संगीतकार वेगळा, पार्श्वसंगीताचा वेगळा, हे पुढे सर्रास झाले, आणि कीबोर्ड-संगणकाने ताफ्याची गरजही कमी केली. पार्श्वसंगीत करणाऱ्याला आता दुसऱ्याच्या गाण्याची चाल वापरण्याचे कारणही नव्हते आणि सक्तीही. ‘सत्या’ची धून शहराची आहे, धास्तीची आहे, उत्तम आहे, पण सत्या किंवा भिकू म्हात्रे यांच्यापैकी कुणीही ती गुणगुणू शकत नाही.