कूटचलन विकासकांची संवादमाध्यमे

कूटचलनाचा मुक्तस्रोत कोड लिहिणारे, तपासणारे आणि तो आपल्या संगणकावर चालवणारे लोक ज्या मार्गांनी एकमेकांशी बोलतात ते मार्ग व त्यांची निवड. बिटकॉइन किंवा मोनेरो यांसारख्या प्रकल्पांना मुख्य कचेरी नाही आणि मालकही नाही. काम करणारे देशोदेशी विखुरलेले असतात, कित्येक जण टोपणनावाने वावरतात, आणि वर्षानुवर्षे सोबत काम करूनही एकमेकांचे तोंड पाहिलेले नसते. चलनाचा नियम बदलायचा झाला तर तो हजारो अनोळखी माणसांना पटावा लागतो. तो पटण्यासाठी त्यामागचे बोलणे त्यांना वाचायला मिळावे लागते. त्यामुळे माध्यमाची निवड हा या प्रकल्पांत कारभाराचा मूळ भाग ठरतो.

उगम व वाटचाल : सातोशी नाकामोतो या टोपणनावाने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी बिटकॉइनचा नऊ पानी आराखडा जाहीर झाला, तो कूटलेखनशास्त्राच्या अभ्यासकांच्या एका ईमेल यादीवर. पहिल्या शंका आणि पहिले आक्षेप तिथेच आले व ते आजही वाचता येतात. पुढे बिटकॉइन विकासकांची स्वतंत्र ईमेल यादी झाली. ती आधी सोर्सफोर्ज या संकेतस्थळावर होती, २०१५ मध्ये लिनक्स फाउंडेशनकडे गेली आणि फाउंडेशनने याद्या चालवणे थांबवल्यावर फेब्रुवारी २०२४ मध्ये गूगल ग्रुप्सवर आली. जागा बदलल्या, तरी जुनी पत्रे वाचायला उरली. पत्र प्रत्येक सभासदाच्या पेटीत पोचत असल्याने यजमान बदलला म्हणून इतिहास पुसला जात नाही. ईमेल यादी आज जुनाट दिसते, पण या एका गुणासाठी तिला पर्याय सापडलेला नाही.

औपचारिक प्रस्तावांची रीत आमिर ताकी यांनी २०११ मध्ये बिटकॉइनसाठी घालून दिली. प्रस्तावाला क्रमांक मिळतो आणि त्याचा मसुदा, हेतू व त्यावरचे आक्षेप एका ठिकाणी राहतात. क्रमांक मिळाला म्हणजे प्रस्ताव मंजूर झाला असे नाही. तो वाचण्याजोगा आणि चर्चेस योग्य आहे एवढाच त्याचा अर्थ. इथेरियम या दुसऱ्या प्रकल्पाने हीच रीत उचलली आणि तिच्या जोडीला विकासकांच्या ठरावीक दूरसभा ठेवल्या. त्यांची विषयपत्रिका आधी गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर लागते आणि चित्रफीत नंतर सर्वांसाठी खुली होते.

बंद खोलीतला करार : उघड माध्यम टाळून केलेला निर्णय टिकत नाही, याचा सर्वांत मोठा दाखला २०१७ चा आहे. बिटकॉइनच्या गठ्ठ्याचा, म्हणजे ब्लॉकचा, आकार वाढवावा की नाही यावर दोन वर्षे भांडण चालले होते. चर्चेच्या एका मोठ्या संकेतस्थळावर विरोधी मते काढून टाकली जात असल्याच्या तक्रारीने ते आणखी चिघळले. मे २०१७ मध्ये पन्नासहून अधिक कंपन्यांनी न्यूयॉर्कमध्ये आपसांत करार केला आणि आकार दुप्पट करण्याचे ठरवले. खाणकामाची, म्हणजे नवे ब्लॉक तयार करणाऱ्या संगणकांची, बहुतांश ताकद त्यांच्या बाजूने होती. पण कोड सांभाळणारे बहुतेक विकासक त्या खोलीत नव्हते आणि नोड, म्हणजे आपल्या संगणकावरची बिटकॉइनची प्रत, चालवणाऱ्या सामान्य माणसाला तर कोणी विचारलेच नव्हते. ८ नोव्हेंबर २०१७ रोजी करारकर्त्यांनीच बेत मागे घेतला. तो मागे घेतल्याची घोषणाही अखेर एका ईमेल यादीवरच करावी लागली.

घाईची वेळ : पत्रव्यवहार सावकाश चालतो, आणि काही प्रसंगांत तेवढा वेळ नसतो. मार्च २०१३ मध्ये बिटकॉइनच्या ०.८ या आवृत्तीने मान्य केलेला एक मोठा ब्लॉक जुन्या आवृत्त्यांनी नाकारला आणि एका खातेवहीच्या दोन झाल्या. या वेळी कामी आले आयआरसी. जार्को ओइकारिनेन यांनी फिनलंडमध्ये १९८८ साली तयार केलेली ही निव्वळ मजकुराची गप्पाव्यवस्था आहे. विकासक आणि मोठ्या मायनिंग पूलचे, म्हणजे एकत्र खाणकाम करणाऱ्या गटांचे, चालक तिथे एकत्र आले. नव्या आवृत्तीवरून जुन्या आवृत्तीवर परतायचे ठरले आणि काही तासांत खातेवही पुन्हा एक झाली. परतणाऱ्या पूलचे उत्पन्न बुडाले, तरी त्यांनी ते मानले, कारण समोर चाललेला विचार ते प्रत्यक्ष वाचत होते. या प्रसंगाचा सविस्तर अहवाल पुढे ५० क्रमांकाच्या प्रस्तावपत्रात नोंदवला गेला. गप्पा जलद माध्यमात व्हाव्यात आणि निष्कर्ष कायमच्या जागी लिहिला जावा, ही शिस्त तिथून शिकण्यासारखी आहे.

गुप्ततेची मर्यादा : सुरक्षेतील दोष उघड्यावर सांगणे म्हणजे चोराला वाट दाखवणे. म्हणून जबाबदार प्रकल्प त्यासाठी वेगळा ईमेल पत्ता आणि पत्र कूटबद्ध करण्याच्या किल्ल्या जाहीर करतात. सप्टेंबर २०१८ मध्ये बिटकॉइन कोअर या बिटकॉइनच्या मुख्य सॉफ्टवेअरमध्ये असा दोष निघाला की त्यातून नाणी हवेतून निर्माण करता आली असती. विकासकांनी दुरुस्ती लगेच दिली, पण सुरुवातीला त्याचे अर्धेच कारण सांगितले : नोड बंद पडू शकतो, एवढेच. पूर्ण खुलासा दोन दिवसांनी आला. झीकॅश या कूटचलनाने बनावट नाण्यांचा दोष मार्च २०१८ मध्ये सापडल्यापासून मोजक्याच माणसांत ठेवला, ऑक्टोबरमधील सुधारणेत तो गुपचूप काढला आणि ५ फेब्रुवारी २०१९ रोजी जाहीर केला.

महाराष्ट्रातील ठळक उदाहरण पॉलिगॉनचे आहे. जयंती कनानी, संदीप नैलवाल आणि अनुराग अर्जुन यांनी २०१७ मध्ये मुंबईत मॅटिक नेटवर्क या नावाने हा कूटचलन प्रकल्प सुरू केला, आणि २०२१ मध्ये त्याचे नाव पॉलिगॉन झाले. त्याच्या चाचणी-जाळ्याचे नावच 'मुंबई' होते, आणि ते २०२४ मध्ये बंद होईपर्यंत जगभरचे विकासक हे नाव रोज टंकत होते. ३ डिसेंबर २०२१ रोजी एका टोपणनावाच्या संशोधकाने दोष कळवणाऱ्यांना बक्षिसे मिळवून देणाऱ्या इम्युनिफाय या मंचामार्फत कळवले की मॅटिक नाण्याच्या 'स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट' या कोडमधील एका चुकीमुळे ९२७ कोटींहून अधिक मॅटिक कोणालाही काढून घेता येतील. दुसऱ्या दिवशी आणखी एकाने तोच दोष दाखवला. जाळे चालवणाऱ्यांना खासगीत निरोप गेले, ५ डिसेंबरला दुरुस्ती लागू झाली, पण तोवर चोराने ८,०१,६०१ मॅटिक लांबवले होते. संस्थेने ते नुकसान स्वतः सोसले आणि दोघा संशोधकांना मिळून सुमारे ३४.६ लाख डॉलरचे बक्षीस दिले. सविस्तर निवेदन २९ डिसेंबरला आले. मधल्या तीन आठवड्यांत, न सांगता नियम कसा बदलला, असे प्रश्न लोकांनी जाहीरपणे विचारले. गुप्तता आवश्यक होती, यात शंका नाही. पण 'एक गंभीर दुरुस्ती केली आहे, तपशील अमुक तारखेला देऊ' एवढे एक वाक्य पहिल्याच दिवशी लिहिता आले असते. गुप्त माध्यम वापरताना खुलाशाची तारीख आधीच बांधून घ्यावी, हा यातला धडा आहे.

परक्याच्या जागेत : गिटहब, डिस्कॉर्ड, टेलिग्राम ही खासगी मालकीची ठिकाणे आहेत. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकी सरकारने टॉर्नेडो कॅश या व्यवहारांचा माग लपवणाऱ्या सेवेवर निर्बंध घातले, तेव्हा गिटहबवरील त्याचा कोड आणि विकासकांची खाती एका दिवसात नाहीशी झाली. फ्रीनोड या आयआरसी जाळ्याचा ताबा मे २०२१ मध्ये वादात सापडला. तेथील स्वयंसेवकांनी बाहेर पडून लिबेरा उभे केले आणि बिटकॉइन कोअरची चर्चा तिकडे गेली. भारतात मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने १४ संदेश-अ‍ॅपवर बंदी घातली. त्यांत एलिमेंट व ब्रायर ही मुक्तस्रोत अ‍ॅपेही होती. एलिमेंट ज्या मॅट्रिक्स पद्धतीवर चालते ती मोनेरोसारख्या प्रकल्पांत रोजच्या वापरात आहे. म्हणून एकच माध्यम पुरत नाही, आणि पर्यायी माध्यमाचा पत्ता आधीच जाहीर असावा लागतो.

टेलिग्रामविषयी एक गैरसमज आपल्याकडे घट्ट आहे. त्याचे गट टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध नसतात. लेखी संदेशांत ती सोय फक्त दोघांमधल्या 'गुप्त संवादा'पुरती आहे. डिस्कॉर्डवरचे बोलणे शोधयंत्रांना सापडत नाही, त्यामुळे तोच प्रश्न नवीन माणूस पुन्हा विचारतो आणि जुना माणूस उत्तर देऊन थकतो. सिग्नलवर नोंदणीला फोन क्रमांक लागतो, पण फेब्रुवारी २०२४ पासून तो इतरांपासून लपवता येतो.

उघडेपणाने फसवणूक थांबत नाही, हेही सांगायला हवे. २०१८ मध्ये इव्हेंट-स्ट्रीम या कोडच्या थकलेल्या सांभाळकर्त्याने ईमेलवर मदत देऊ करणाऱ्या अनोळखी माणसाकडे सूत्रे सोपवली. त्या माणसाने त्यात कोपे या बिटकॉइन पाकिटातून पैसे काढणारा कोड घुसवला. २०२४ मध्ये उघडकीस आलेल्या एक्सझेड या फाइल आकुंचित करणाऱ्या साधनाच्या प्रकरणात सांभाळकर्त्यावर उघड ईमेल यादीवरच खोट्या नावांनी दबाव आणला गेला होता. एकट्या, दमलेल्या माणसाला गाठले जाते, आणि त्यावर दुसऱ्या तपासनिसाची जोड हाच उपाय आहे.

इस्लामपुरातून (आता ईश्वरपूर) : सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्याचे हे मुख्य ठिकाण. शेजारी साखराळ्यात १९८३ मध्ये स्थापन झालेले राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी हे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. पुण्या-मुंबईच्या परिषदांना न जाता इथल्या विद्यार्थ्याला या कामात उतरता येईल का, हे बव्हंशी माध्यमावर ठरते. चलचित्र-सभेत वेगाने चाललेले इंग्रजी पकडणे मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाला जड जाते, आणि संकोचाने तो गप्प बसतो. लिहिलेला मजकूर पुन्हा वाचता येतो, शब्द अडला तर शोधता येतो, उत्तर सवडीने लिहिता येते, आणि इंटरनेट मंद असले तरी चालते. वेळेचाही प्रश्न आहे. इथेरियमच्या मुख्य विकासकांची सभा अनेक वर्षे १४:०० यूटीसीला भरत आली, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला. बिटकॉइन कोअरमधील बदल वाचून त्यावर प्रश्नोत्तरे करणारे अभ्यासमंडळ २०१९ मध्ये सुरू झाले. त्याची आयआरसीवरची बैठक १७:०० यूटीसीला, म्हणजे रात्री साडेदहाला, भरत आली. दिवसभर तास आणि प्रयोगशाळा करणाऱ्याला दोन्ही वेळा जमण्यासारख्या आहेत.

आपल्याकडे मात्र चार मुले जमली की आधी व्हॉट्सअ‍ॅपचा गट निघतो. भेटीची वेळ ठरवायला तो उत्तम आहे. पण कूटचलनाचे काम त्यावर चालवू नये. फोन क्रमांक सर्वांना दिसतो, आणि हा माणूस कूटचलनात आहे हे कळल्यावर फसवणारे तोच क्रमांक गाठतात. नंतर आलेल्याला आधीचे सगळे बोलणे आपोआप हाती लागत नाही. प्रश्न गिटहबवर विचारावा, चर्चा ईमेल यादीवर किंवा नोंद राहणाऱ्या आयआरसीवर करावी, दोष फक्त प्रकल्पाने जाहीर केलेल्या सुरक्षा पत्त्यावर कळवावा. नोकरीच्या आमिषाने खासगी संदेशातून आलेली फाइल उघडू नये. पाकीट उघडणारे गुप्त १२ किंवा २४ शब्द कोणताही खरा विकासक कधीही मागत नाही.

सुरुवात करू इच्छिणाऱ्याने बोलण्याआधी वाचावे. वर उल्लेखिलेल्या अभ्यासमंडळाच्या बैठकींची टिपणे, प्रश्न आणि पूर्ण संभाषणे जालावर खुली आहेत. ती वाचण्यासाठी नाव, फोन क्रमांक किंवा पैसे यांपैकी काहीही द्यावे लागत नाही.