शत्रू नसलेली कुस्ती

अंधेरी-बोरिवलीकडे किंवा घाटकोपर-मुलुंडकडे संध्याकाळी फिरताना शाळेच्या पटांगणात वा सोसायटीच्या गच्चीवर पांढऱ्या पोशाखातली मुले कराटेचे हात करताना दिसतात. वर्गाच्या फलकावर बहुधा एक शब्द असतो : आत्मविश्वास. लढण्याची विद्या आणि मुलाचे मन यांची ही सांगड परदेशातून आली, असे आपण गृहीत धरतो. आपल्याकडच्या मल्लखांबाचा इतिहास या समजुतीला छेद देतो.

चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातील ग्रंथात मल्लस्तंभाचा उल्लेख येतो. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी ही विद्या पुन्हा उभी केली. निजामाकडून आलेल्या अली व गुलाब या मल्लांचे आव्हान त्यांनी स्वीकारल्याची कथा परंपरेने जपली आहे. म्हणजे मुळात खांब हा कुस्तीगिराच्या सरावासाठी होता. गैरहजर प्रतिस्पर्ध्याच्या जागी उभा केलेला.

विसाव्या शतकात हे प्रयोजन बदलले. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 मध्ये व दादरचे समर्थ व्यायाम मंदिर 1925 मध्ये स्थापन झाले. अमरावतीच्या पथकाने 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. बडोद्याच्या द. चिं. मुजुमदारांनी 'व्यायाम ज्ञानकोश' सिद्ध करून या विद्येला मराठी गद्यात स्थान दिले. पण या साऱ्या खटाटोपात बालक दिसते ते पारतंत्र्यातील समाजाचे उद्याचे बळ म्हणून. ओकिनावात इतोसू आंको यांनी शतकाच्या आरंभी कराटे शाळांत नेले, तेव्हाही सैन्याला उपयोगी पडणारे सुदृढ तरुण हा एक हेतू होताच. दोन्हीकडे मुलाचा विचार झाला तो आधी राष्ट्रासाठी.

मग मुलाच्या वाट्याला काय आले? उत्तर खांबापाशी सापडते. एरंडेल लावलेल्या त्या खांबावर नवशिक्या मुलाची अढी सुटते, ते घसरते, पुन्हा चढते. इथे हरवायला कोणी नाही आणि हरवणाराही कोणी नाही. आहे ती स्वतःची भीती आणि खाली हात पुढे करून उभा असलेला शिक्षक. समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे यांनी दृष्टिहीन मुलांनाही मल्लखांब शिकवला. त्यांना 2024 मध्ये पद्मश्री मिळाली. न दिसणाऱ्या उंचीवर केवळ स्पर्शाच्या भरवशावर चढणाऱ्या मुलाने कोणत्या शत्रूला जिंकायचे असते?

म्हणून फलकावरच्या शब्दाकडे जरा थांबून पाहावे. पट्ट्याचा रंग बदलला की पालकांना प्रगती दिसते. पण ज्या वर्गात पडायला वेळ नाही आणि पडल्यावर हसू न देणारा गुरू नाही, तिथे मुलाला प्रमाणपत्र तेवढे मिळते. धीटपणा मात्र असंख्य वेळा घसरूनच अंगी येतो, मग विद्या ओकिनावाची असो की आपल्या मातीतली.