डाव्या कुशीची परीक्षा

मुंबई इलाख्यात परळचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ साली सुरू झाले, परंतु त्याच्या कितीतरी आधीपासून आपला गवळी, दुभत्या जनावराने रवंथ थांबवला, नाकपुडी कोरडी पडली आणि दूध आटले की, त्याच्या डाव्या कुशीच्या खळगीत मूठ रोवून पोटाची हालचाल अजमावीत असे. निरोगी गाईचे हे मोठे पोट मिनिटाला एक-दोन वेळा आकुंचन पावते. मुठीचा खळगा तसाच राहिला तर चारा गच्च बसला आहे, आणि टिचकीला ढोलासारखा नाद आला तर वायू कोंडला आहे, हे निदान आजचा पदवीधरही याच स्पर्शाने करतो, ही मला त्या अनामिक निरीक्षकांची थोर कमाई वाटते.

चाऱ्यातून गिळलेली तार मात्र अधिक कपटी, कारण ती हृदयालगतच्या जाळीदार पोटात रुतते. तेव्हा वशिंडामागची कातडी चिमटीत धरून वर ओढावी: निरोगी गाय चटकन पाठ खाली वाकवते, रुग्ण गाय मात्र वेदनेच्या भयाने पाठ ताठ ठेवून कण्हते, आणि उतारावर पाऊल टाकण्यासही कचरते.