डब्ल्यू १७५ ते डब्ल्यू ७ : जुन्या गाडीचा प्लग आणि आपला औद्योगिक इतिहास

आजचा विषय ऐकायला किरकोळ वाटेल. जुन्या पद्मिनीत नवा स्पार्क प्लग कोणता घालायचा? पण कळव्यात बसून हा प्रश्न विचारला, की त्याला इतिहास चिकटतो. आपल्या एका बाजूला कुर्ला, दुसऱ्या बाजूला डोंबिवली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचे कारखाने या दोन्ही ठिकाणी होते. फियाट ११००, मग पद्मिनी, १०८९ सीसीचं तेच इंजिन, हे सगळं कुर्ल्याचं.

आता प्लगाकडे येऊ. १९५३च्या सुमारास सरकारने धोरण ठरवलं : नुसते सुटे भाग आणून गाड्या जोडू नका, इथे बनवा. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. जे राहिले, त्यांना देशी सुटे भाग हवे होते. १९५१ मध्ये मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे आपली 'मायको', निघाली होती. तिला तंत्रज्ञान जर्मनीच्या बॉशचं. पुढे गॅरेजमध्ये प्लग म्हणजे मायको, असं समीकरणच झालं.

आणि इथेच आजची अडचण जन्मली. बॉशच्या जुन्या पद्धतीत प्लगावर डब्ल्यू १४५, डब्ल्यू १७५, डब्ल्यू २२५ असे आकडे असत. आकडा मोठा, तर प्लग थंड. नंतर पद्धत बदलली, डब्ल्यू १७५च्या जागी डब्ल्यू ७ आला आणि अर्थ उलटला. आता आकडा मोठा, तर प्लग गरम. जपानी एनजीकेमध्ये मात्र आजही मोठा आकडा म्हणजे थंड. त्यामुळे जुनं पुस्तक हातात धरून नुसता आकडा जुळवला, तर फसगत ठरलेली.

गरम-थंड म्हणजे काय? ठिणगी सारखीच. फरक आहे तो चिनीमातीचं टोक उष्णता किती लवकर सोडतं यात. हे टोक साधारण ४५० ते ८५० अंशांच्या दरम्यान राहायला हवं. त्याखाली काजळी जळत नाही, प्लग शॉर्ट होतो, गाडी मिसिंग करते. त्यावर गेलं, तर टोक स्वतःच निखारा बनतं आणि ठिणगीआधीच मिश्रण पेटतं. मग पिस्टनला भोक पडायला वेळ लागत नाही. काजळी पुसता येते, पिस्टन मात्र नवा कुठून आणणार? हे इंजिन आता कोणी बनवत नाही. म्हणून शंका असेल, तर पुस्तकातल्या ग्रेडचाच आजचा पर्याय घ्यावा, जास्त गरम घेऊ नये.

पण पुस्तक ज्या काळात छापलं, तो काळही लक्षात घ्या. तेव्हा पेट्रोलमध्ये शिसं होतं. देशभरात शिसेविरहित पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून आलं. मुंबईच्या टॅक्स्या पुढे सीएनजीवर गेल्या. सीएनजीला ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून गॅप थोडा कमी ठेवतात. म्हणजे टॅक्सीवाल्याचा सल्ला घरच्या पेट्रोल गाडीला जसाच्या तसा लागू होत नाही.

मग निवड कशी करायची? आधी जुना प्लग काढून मोजा : आट्यांचा व्यास, आट्यांची लांबी, बैठक. लांबी १२.७ की १९ मिलिमीटर, हे चुकलं तर लांब प्लग पिस्टनवर आदळू शकतो आणि आखूड प्लगाने उरलेल्या आट्यांत कार्बन साचतो. मग ग्रेड. मग फिलर गेजने गॅप. पॉइंटच्या गाडीला तो साधारण ०.६ ते ०.७ मिलिमीटर असतो, पण आपल्या पुस्तकातला आकडा प्रमाण. इंजिन थंड असताना प्लग आधी हाताने फिरवा, पाना शेवटी. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडचे आटे एकदा गेले, की काम वाढतं.

शेवटी गाडी चालवा आणि प्लग वाचा. फिकट तपकिरी रंग असेल, तर जमलं. कोरडा काळा असेल, तर आधी कार्बुरेटर पाहा. ओला तेलकट असेल, तर रिंगा. पांढराफटक, फोड आलेला असेल, तर थांबा. प्लग बदलून इंजिनाचा आजार झाकू नये.

२००३च्या ऑक्टोबरात नोंदलेली मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मर्यादा संपून २०२३च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली. आता ज्या उरल्या, त्या बहुतेक घरोघरी जपलेल्या. कुर्ल्याच्या त्या इंजिनाचा आवाज पुढच्या पिढीने ऐकावा असं वाटत असेल, तर सुरुवात या बोटभर वस्तूपासून करावी लागते. आता आपण प्रश्नांकडे वळू.