आधीच्या मालकाच्या तारा : जुन्या मोटारीतील ‘प्रक्षिप्त’ भाग कसा ओळखतात?

१/
१९५० च्या दशकातील एखादी मॉरिस मायनर आज नव्या मालकाच्या हाती येते, तेव्हा तिच्या डॅशबोर्डखाली दोन प्रकारच्या तारा सापडतात. काही कारखान्याने बसवलेल्या, तर काही मधल्या मालकांनी जोडलेल्या. पहिल्या तारांचा नकाशा छापील पुस्तिकेत मिळतो. दुसऱ्यांचा कोठेच नसतो. तो कसा शोधला जातो, याचा हा थ्रेड.

२/
अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी आखलेली मायनर १९४८ साली लंडनच्या मोटार प्रदर्शनात प्रथम लोकांसमोर आली. उत्पादनाचा दहा लाखांचा टप्पा ओलांडणारी ती पहिली ब्रिटिश मोटार. ती स्वस्त होती, दुरुस्तीला सोपी होती आणि टिकाऊ होती. त्यामुळे एकेका गाडीने अनेक मालक पाहिले, आणि बहुतेकांनी तिच्यात आपापली भर घातली.

३/
मूळ विद्युत् व्यवस्था अगदी साधी होती. १२ व्होल्टची बॅटरी, सुमारे २० अँपिअर देणारा डायनामो, त्याला आवर घालणारी एक नियंत्रक पेटी आणि अवघे दोन फ्यूज. हेडलाइटच्या मार्गात तर फ्यूजच नव्हता. दिवे, वायपर, हॉर्न आणि इंजिनाची ठिणगी एवढ्यांपुरता हा संसार बेताचा पण पुरेसा होता.

४/
तारांना रंगांची भाषा होती. ल्यूकस कंपनीच्या पद्धतीत तपकिरी तार थेट बॅटरीकडून येते. पांढरी तार किल्ली फिरवल्यावर जिवंत होते. हिरवी तार फ्यूजमधून पुढे जाते. निळी हेडलाइटची, लाल साइड लाइटची, काळी अर्थची. ही लिपी ज्याला वाचता येते, त्याला परकी तार दिसताक्षणी खटकते.

५/
आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे पॉझिटिव्ह अर्थ. आजच्या मोटारीत बॅटरीचे ऋण टोक सांगाड्याला जोडलेले असते. त्या काळच्या बहुतेक ब्रिटिश मोटारींत धन टोक जोडले जाई. पुढे झालेल्या अनेक घोटाळ्यांचे मूळ या एका फरकात आहे.

६/
मग बदल का झाले? पहिले कारण रस्त्याचे. सुरुवातीच्या मायनरमध्ये वळण दाखवण्यासाठी दाराच्या खांबातून बाहेर येणारा लहानसा हात असे. १९६१ मध्ये कारखान्याने त्याऐवजी लुकलुकणारे दिवे दिले. जुन्या गाड्यांच्या मालकांनी ते दिवे स्वतःच बसवले. अशा तारा कारखान्याच्या वेष्टनात नसतात. त्या गालिच्याखालून धावतात.

७/
दुसरे कारण प्रकाशाचे. मूळ हेडलाइटचा बल्ब ४२ वॉटचा. दोन्ही मिळून प्रवाह सुमारे ७ अँपिअर. त्या जागी ६० वॉटचे हॅलोजन बल्ब लावले की तो १० अँपिअरवर जातो. तार तीच, स्विचही तोच. जाणत्या मालकाने येथे रिले बसवलेला आढळतो; घाईत असलेल्याने केवळ बल्ब बदललेला असतो.

८/
तिसरे कारण करमणुकीचे. ट्रान्झिस्टर रेडिओला धन-ऋण उलटे चालत नाही. तेव्हा काहींनी रेडिओची पेटी सांगाड्यापासून अलग ठेवली, तर काहींनी संपूर्ण गाडीच निगेटिव्ह अर्थ केली. पुढे डायनामो काढून अल्टरनेटर बसवणाऱ्यांनीही तेच केले, कारण उलट्या जोडणीत अल्टरनेटरचे डायोड तत्काळ जळतात.

९/
म्हणून शोधाची पहिली पायरी मल्टिमीटर नव्हे, निरीक्षण. बॅटरीचे कोणते टोक सांगाड्याला जोडले आहे? इग्निशन कॉइलच्या तारा त्याच्याशी जुळतात का? अर्थ बदलला की कॉइलच्या दोन्ही तारांची अदलाबदल करावी लागते. ती झाली नसेल, तर ठिणगी दुबळी पडते आणि आधीच्या मालकाने काम अर्ध्यावर सोडल्याचे कळते.

१०/
तारेचे वेष्टनही काळ सांगते. कापसाच्या विणीचे आवरण जुने, प्लास्टिकचे त्यानंतरचे. पीळ देऊन टेप गुंडाळलेला सांधा, किंवा तार न कापता तिला चिमटा बसवणारा प्लास्टिकचा कनेक्टर, ही मधल्या हातांची खूण. उत्खननातील थरांप्रमाणे येथेही वरचा थर सहसा अलीकडचा असतो.

११/
यानंतर मोजमाप. सर्व बंद करून बॅटरी व तिची तार यांच्यामध्ये अँपिअर मीटर जोडतात. घड्याळ वा रेडिओ नसलेल्या अशा गाडीत आकडा जवळपास शून्य हवा. १ अँपिअर जरी गळत असला, तरी ४० अँपिअर-तासांची बॅटरी दोन दिवसांच्या आत रिकामी होते. मग एकेक फ्यूज काढून पाहतात. दोन्ही काढूनही आकडा हलला नाही, तर गळती फ्यूजच्या आधीच्या मार्गावर आहे.

१२/
खरा धोकाही तेथेच आहे. तपकिरी तारेवर थेट चढवलेल्या जोडणीला कोणतेही संरक्षण नसते. तिचे आवरण पत्र्याच्या धारेवर घासून फाटले, तर बॅटरी शेकडो अँपिअरचा प्रवाह त्या बारीक तारेत ओतते. तार लाल होते, शेजारच्या तारांचे आवरण वितळते आणि काही क्षणांत गाडी पेट घेऊ शकते. हा शोध केवळ हौसेचा नाही तो यामुळे.

१३/
मग सर्व जोड उपटून फेकावी का? पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९६६ साली पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत प्रक्षिप्त मानलेले श्लोक मुख्य संहितेतून काढले, पण नष्ट केले नाहीत. ते तळटीपांत व परिशिष्टांत जपले. कोणी, केव्हा, काय घातले, हाही इतिहासच असतो.

१४/
जुन्या वाहनांच्या जतनासाठी ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय संघटनेने स्वीकारलेल्या ट्यूरिन सनदेची दिशा हीच आहे : फेरफार कमीत कमी असावेत, त्यांची नोंद राहावी, शक्यतो ते उलटवता यावेत. भारतात २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरील वाहनांना ‘व्हीए’ ही नोंदणी मालिका दिली. त्यांत भर सांगाडा, बॉडी व इंजिन यांच्या मूळ रूपावर आहे. तारांचा निवाडा बव्हंशी मालकाच्या विवेकावर उरतो.

१५/
तो विवेक असा : धोकादायक जोड निघावी, उपयुक्त जोडीला फ्यूज मिळावा, आणि काढलेल्या व ठेवलेल्या प्रत्येक तारेचा नकाशा कागदावर उतरून गाडीतच राहावा. आजचा मालक हाही उद्याचा ‘आधीचा मालक’ आहे. त्याच्या मागून येणाऱ्याला डॅशबोर्डखाली अंधारात चाचपडावे लागू नये, एवढे त्याच्या हाती नक्कीच असते.