खंड्याची जहागीर

आर्णीहून माहूर जवळ, त्यामुळं दत्तगुरूंशी आमच्या घराचा घरोबा जुना. फोटोत त्यांच्या पायाशी चार कुत्री असतात. ती चार वेदांची प्रतीकं, असं लहानपणापासून ऐकत आलो. ती कोणत्या जातीची, हे मात्र कुणी विचारल्याचं आठवत नाही. देवाला चार-चार कुत्री निमूट सांभाळता येतात. आम्हां तीन माणसांना एकाचा निर्णय करायला अडीच महिने लागले.

कुत्रं आणायचं ठरलं ते हौसेनं नव्हे. बाबांना ऐकू कमी येतं. कानाचं मशीन आहे, पण ते टेबलाच्या खणात असतं. तिथं त्याला सगळं स्वच्छ ऐकू येत असावं. सौ. शाळेत, मी कचेरीत, दिवसभर घरात बाबा एकटे. सिलेंडरवाला दोनदा दार वाजवून परत गेला, त्याचं आम्ही हसण्यावारी नेलं. मग एका दुपारी गॅसवरचं दूध आटून पातेलं जळलं, खिडकीतून धूर निघाला, शेजारी पंधरा मिनिटं दार बडवत होते आणि बाबा आतल्या खोलीत पाठ करून पुस्तक वाचत होते. त्या दिवशी कुणी हसलं नाही. घराला कान हवेत, एवढं ठरलं. कोणत्या जातीचे, यावर भांडण सुरू झालं.

बाबा इतिहासाचे निवृत्त शिक्षक. वर्ग सुटला, तास सुटला नाही. ते म्हणाले, "मराठी माणसाच्या दारात कारवानीच हवं!"

सौभाग्यवतींना हवं होतं पोमेरियन. पांढरं, गोंडस, सोफ्यावर मावणारं.

बाबांनी त्याच रात्री जेवताना तास घेतला. कारवानी म्हणजे काफिल्यांबरोबर आलेलं कुत्रं. लांब पाय, खपाटीला गेलेलं पोट, निमुळतं तोंड. मुधोळचे मालोजीराजे घोरपडे यांनी ते जोपासलं, म्हणून त्याला मुधोळ हाउंडही म्हणतात. मुधोळ आज कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात आहे. "२००५ साली टपाल खात्यानं त्याचं तिकीट काढलं. २०१६ साली त्याची पिल्लं मेरठला लष्करी शिक्षणासाठी गेली. तुझ्या त्या कापसाच्या बोळ्याला कुणी लष्करात घेईल का?"

"मामाजी, आपल्याला लढाई नाही करायची, दार उघडायचं आहे," सौ. म्हणाली. पण तीही शिक्षिका. दुसऱ्या दिवशी तयारी करून आली. पोमेरेनिया म्हणजे बाल्टिक समुद्राकाठचा मुलूख, आज थोडा जर्मनीत, थोडा पोलंडात. तिकडचं हे कुत्रं पूर्वी चांगलं थोराड होतं. व्हिक्टोरिया राणीनं १८८८ साली फ्लॉरेन्सहून मार्को नावाचं लहान चणीचं पोमेरियन आणलं, आणि लहान कुत्र्यांचीच टूम निघाली. १९०१ साली राणी अंथरुणाला खिळली, तेव्हा तिचं टुरी नावाचं पोमेरियन तिच्याजवळ होतं.

"म्हणजे कंपनी सरकारचं कुत्रं!" बाबा गरजले.

"कंपनीचं राज्य १८५८ सालीच गेलं, मामाजी."

इतिहासाच्या शिक्षकाला सुनेनं सनावळीत पकडावं, असा प्रसंग आमच्या घरात पहिलाच. मी पोळीत तोंड लपवलं. तेवढ्यात तिनं दुसरा बाण सोडला, "आणि मुधोळच्या राजांनी कुत्र्यांची जोडी पंचम जॉर्जला नजर केली म्हणतात. तो कोण? व्हिक्टोरियाचाच नातू ना?"

बाबांनी ताक मागितलं. म्हणजे तास संपला.

पण बाबांचा हुकमाचा पत्ता शिल्लक होता, तो सकाळी चहाबरोबर पडला. सातारच्या शाहू महाराजांचा खंड्या! शिकारीत वाघाच्या तावडीतून त्यानं महाराजांना वाचवलं. महाराजांनी त्याला सनद करून जहागीर दिली, पालखीचा मान दिला. एकदा दरबारात त्याला जरीचे कपडे, दागिने घालून स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली. "ग्रँट डफनं १८२६ साली छापलंय. संगम माहुलीला खंड्याची समाधी आहे!"

"पण खंड्या कारवानी होता, हे कशावरून?"

बाबांना एकदम ऐकू येईनासं झालं.

शेवटी मी दोन्ही पक्षांना घेऊन जनावरांच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी आधी अंगण किती, ते विचारलं. बारा बाय पंधरा, तेही तुळशीवृंदावन धरून.

"मंग कारवानी कायले घेऊन राह्यले, भाऊ? ते नजरेनं शिकार करणारं कुत्रं. त्याले धावाले शिवार पाहिजे. आन् भुंकते बी कमीच. ते पाह्यते आन् पळते. तुमाले तर वर्दी देणारं पाहिजे. त्या कामाले हे बारकंच खमकं."

म्हणजे आमचा शूर शिपाई पहाऱ्याला कच्चा आणि राणीच्या मांडीवरचं खेळणं पक्कं पहारेकरी! पुढं त्यांनी सांगितलं, की आपल्याकडं पोमेरियन म्हणून जे विकतात ते बहुतेक पोमेरियन नसतंच. ते इंडियन स्पिट्झ. मात्र अंगावर केसांचे दोन थर, तेव्हा आपल्याकडच्या मे महिन्यात त्याला कूलरपासून हलवायचं नाही, आणि केसही भादरायचे नाहीत.

"इंडियन?" बाबांनी तेवढा शब्द बरोबर ऐकला. "मग आपलंच झालं की! आणा. पण नाव मी ठेवणार."

अशा रीतीनं यवतमाळहून आलेला, वजनाला तूरडाळीच्या पिशवीएवढा, पांढराशुभ्र खंड्या आमच्या घरात राज्य करू लागला. त्याचं भुंकणं बाबांना अजूनही नीट ऐकू येत नाही. पण दार वाजलं की तो दारापासून बाबांच्या खुर्चीपर्यंत आणि खुर्चीपासून दारापर्यंत अशा काही येरझारा घालतो, की आंधळ्यालासुद्धा कळावं. तरीही बाबा उठले नाहीत, तर धोतराचा सोगा तोंडात धरतो. मागच्या महिन्यात कुकरच्या शिट्ट्या थांबेनात, तेव्हा त्यानं बाबांना असंच ओढत स्वयंपाकघरात नेलं. आम्ही दोघंही बाहेर होतो.

त्या संध्याकाळी मी घरी आलो. दुसऱ्यांदा कडी वाजवायच्या आत दार उघडलं. बाबांचं डोकं उघडं होतं. अंघोळ आणि झोप सोडली तर त्यांना असं मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांची काळी टोपी शोधत मी आत गेलो. कूलरसमोर, जिथं वीस वर्षं बाबांची खुर्ची असायची, तिथं खंड्या पाय पसरून झोपला होता. टोपी त्याच्या एका कानावर कलली होती.

"मामाजी, पगडी झाली. जहागिरीचं काय?" सौ.नं मोठ्यानं विचारलं.

बाबांनी कोपऱ्यात सरकवलेल्या खुर्चीकडं बोट दाखवलं, कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाले, "दिली की! सनद तेवढी लिहायची राहिलीय."